कॉलरमधलं गाढव

"फ्लेक्स न्हाई?" महेबूबनं तोंडाला लावलेला ग्लास खाली ठेवला. "लातूरला माणूस येऊन राहिला आन फ्लेक्स न्हाई? मयत हाय का काय?"

"अंबरीशनं बजावलंय," मी म्हटलं. "हार न्हाई, फेटा न्हाई, फोटो तर बिलकूल न्हाई. नांदेडला जायचं, गाडीतनं उतरवून घ्यायचं, गुपचूप आणायचं."

"तुझा भाऊ? आन गुपचूप?" महेबूब असा हसला की किशनरावाच्या टपरीवर वह्या उघडून बसलेली ट्यूशनची पोरं वर बघायला लागली. "दासू, पोराला नीटला चारशे पडले तरी फ्लेक्स लावतो तुझा भाऊ. देवणीच्या प्रदर्शनात वळूचा नंबर आला तर लोक वळूचा लावतेत, खाली शुभेच्छुक म्हणून सतरा मुंडकी. फॉरेनचा माणूस घरात ठिवून अंबरीश सर गप बसंल? वर्ष न्हाई काढायचा."

"काढंल."

"लाव पैज."

लावली. अटी महेबूबनंच घातल्या. हरणाऱ्यानं स्वतःचं तोंड ह्याच चौकात टांगायचं, खाली हातभर अक्षरात 'मी गाढव आहे', आणि दिवसभर त्याच्याखाली बसून येईल त्याला चहा पाजायचा.

"चहा माझाच," किशनराव लगेच म्हणाला. त्याला आम्ही पंच नेमलं.

मी हसत हसत महेबूबच्या हातावर हात मारला. इतका बिनघोर होतो की महेबूबची दाढी रंगवायला कुठला ब्रश लागेल, ते मनात ठरवूनही टाकलं.

मी रेणुकादास देवणीकर. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर, मी तेवढा रंगारी निघालो. लातूरला ट्यूशनची लाट आली तेव्हा ह्या गावातल्या प्रत्येक क्लासची पाटी दासू पेंटरनं रंगवलेली असायची. आणि प्रत्येक पाटीत कुठंतरी अंगठ्याच्या नखाएवढं एक गाढव असायचं. ती माझी सही. कुणाला सांगितलं नव्हतं. एका वकिलाच्या नावाच्या वेलांटीत आहे, एका पतपेढीच्या कुलपाखाली आहे. एका पुढाऱ्याच्या जाकिटाच्या खिशातनं तर ते डोकं बाहेर काढून बघतंय, आणि तो पुढारी त्याच भिंतीखाली पंधरा वर्षं सभा घेत होता.

मग फ्लेक्स आला. महेबूब माझा पार्टनर. एका डब्यात ब्रश बुडवलेली माणसं आम्ही. त्यानं मशीन घेतलं, मी घेतलं नाही. चार महिने मी त्याच्याशी बोललो नाही. मग भांडायला दुसरं कुणी बरं मिळेना, म्हणून परत बोलायला लागलो.

अंबरीश माझा धाकटा भाऊ, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. त्याची फी मी पाट्या रंगवून भरली. त्याची पहिली पाटी, 'देवणीकर सर, फिजिक्स', मीच रंगवली. आता त्याची देवणीकर अकॅडमी आहे, पाच मजली, काचेची. ती पाटी उतरून आठ वर्षं झाली.

तर दिल्लीत एक संस्था आहे. लढाईमुळं ज्यांच्या जिवाला धोका आहे असे चित्रकार, लेखक, प्राध्यापक असतात, त्यांना ती वर्षभर कुठल्यातरी शिक्षणसंस्थेत आसरा मिळवून देते. राहायला खोली, हाताला काम, खर्चाला पैसे. त्याला फेलोशिप म्हणतात. अंबरीशला उद्या विद्यापीठ काढायचंय, म्हणून त्यानं अर्ज केला. त्यांनी काबूलचा एक चित्रकार पाठवला, अमान नावाचा. कागदावर एकच अट जाड अक्षरात होती. ह्या माणसाचं नाव आणि फोटो कुठंही जाहीर होता कामा नये. अंबरीशनं माझ्यासमोर सही केली.

पण मी पैज लावली ती सहीवर नाही. मी लावली ती आईवर.

आमचं गाव औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला. त्र्याण्णवच्या भूकंपात वडील गेले. तिसऱ्या दिवशी आई पडलेल्या घरासमोर बसली होती. केस सुटलेले, डोक्यावर पदर नाही, तोंड उघडं. कुणीतरी तिचा फोटो काढला. दिवाळीनंतर एका मदत गोळा करणाऱ्या मंडळाच्या कॅलेंडरवर ती आली, खाली 'यांना आधार द्या'. रेशन दुकानात आई, तहसीलमध्ये आई, अहमदपूरच्या स्टँडवर आई. तिनं बाजारात जायचं सोडलं. "माझं तोंड परत आणा रे," म्हणायची. मी बावीस वर्षांचा होतो. दुकानादुकानात जाऊन कॅलेंडरं मागितली. अकरा आणली. ती काखेत धरून माझ्याबरोबर चालणारा अंबरीश होता, नऊ वर्षांचा. तो हे विसरेल, असं मला कसं वाटावं?

नांदेडला आम्ही दोघं गेलो, मी आणि महेबूब. दिल्लीच्या गाडीतनं एक वाळकासा, चाळिशीचा माणूस उतरला. एक पिशवी, आणि कापडात गुंडाळलेले ब्रश. महेबूब स्टेशनवर शहाण्यासारखा वागला. जीप गावाबाहेर निघाली तशी त्यानं काचा वर केल्या, सीटखालनं पिशवी काढली आणि अमानच्या गळ्यात शेवंतीचा हार घातला.

"आरं, न्हाई म्हणलं होतं ना!"

"फोटो कुठं काढला म्या? नुसता हार हाय. कोरडा कसा आणावा माणसाला?"

अमान आधी दचकला. मग हाराचा वास घेऊन हसला. हिंदी त्याला पिक्चर बघून येत होती, त्यामुळं तो साधं पाणी मागायचा तेही हिरोसारखं.

त्याची खोली माझ्या घराच्या माडीवर होती. कुसुम, माझी बायको, पहिल्या दिवशी त्याला ज्वारीची भाकरी वाढताना लाजत होती. आठ दिवसांत तो "भाभी, एक और" म्हणायला लागला आणि ती मला शिळी वाढायला लागली. तिसऱ्या दिवशी अकॅडमीच्या मागच्या जिन्यात तो एकदम थांबला. तिथं माझी एक जुनी सूचना उरली होती, 'चपला रांगेत ठेवा'. त्यानं वाकून चपलेच्या चित्राच्या अंगठ्यापाशी बोट ठेवलं.

"उस्ताद, ये गधा आपका है?"

तीस वर्षांत पहिला माणूस. मी त्याला त्या दिवशी स्कूटरवरनं सगळं गाव फिरवलं आणि उरलेली गाढवं दाखवली. त्यानं दोन अशी शोधली की जी मीच विसरलो होतो.

काबूलला तो मोठाल्या भिंती रंगवायचा. शाळेतल्या मुली, डॉक्टरणी, दोन दोन मजली चेहरे. बंदूकवाले आले आणि त्यांनी सगळ्या भिंतींना पांढरा मारला. त्याच्या भिंती बंदूकवाल्यांनी पुसल्या, माझ्या महेबूबनं, असं मी म्हटलं की महेबूब कानाला हात लावायचा. "माझ्याकडं नुसतं मशीन हाय बाबा."

अमानची बायको आणि सहा वर्षांची मुलगी तिकडंच होती, बायकोच्या बहिणीकडं. त्यांनी गल्लीत सांगितलं होतं की सरहद्द ओलांडताना अमान मेला. फातिहा सुद्धा पढला होता. मेलेल्याच्या बायकोला कुणी विचारत नाही, नवरा कुठंय, कुणाकडं लपलाय. "मरा हुआ आदमी सबसे अच्छा बाप है, उस्ताद," तो एकदा म्हणाला आणि परत भाकरी मोडायला लागला. आठवड्यातनं एकदा, मेव्हणीच्या फोनवर, दोन मिनिटं तो मुलीचा आवाज ऐकायचा. स्वतः बोलायचा नाही. लहान पोर, बाहेर बोलून गेली तर?

अंबरीशनं त्याला बायोलॉजीच्या आकृत्या काढायला बसवलं. त्यानं फळ्यावर माणसाचं हृदय काढलं तेव्हा पोरं लिहायची थांबली म्हणे. असं लालबुंद, ओलं हृदय त्यांनी पुस्तकात बघितलं नव्हतं.

पुढच्या एप्रिलमध्ये, सुट्टीतल्या एका दुपारी, आम्ही खेळ केला. माडीवरच्या भिंतीवर त्यानं माझं तोंड काढायचं, मी त्याचं. पाच वाजेपर्यंत. त्यानं मला असा काढला की डोळे हसतायत आणि तोंड गप्प आहे. कुसुम बघून म्हणाली, "हे असेच आहेत, मला इतक्या वर्षांत सांगता आलं नाही." मी अमानला काढला. खरं सांगतो, वीस वर्षांत असं तोंड माझ्या हातनं उतरलं नव्हतं. शर्टाच्या कॉलरमध्ये, बटणाच्या जागी, गाढव बसवलं.

अमान खूप हसला. मग म्हणाला, "उस्ताद, मेरा वाला आज ही मिटा देंगे."

"उद्या," मी म्हटलं.

त्यानं तेव्हा सांगितलं मला, ते लोक चेहरे कसे पुसायचे ते. आधी डोळे. डोळे गेले की बाकीचा नुसता रंग असतो, मग कुणाचाही हात थरथरत नाही.

"उद्या नक्की," मी म्हटलं आणि त्यावर चादर टांगली. दुसऱ्या दिवशी पण उद्याच म्हटलं. मी दिवसातनं तीनदा चादर उचलून बघायचो.

आणि एक दिवस अंबरीश आला. अमान क्लासवर होता. आकृत्यांची वही न्यायला माडीवर चढला आणि चादरीचा कोपरा वर राहिलेला, तो बघून थांबला.

"दादा," तो म्हणाला, "हे तू काढलंस? कमाल आहे रे."

माझी पाटी उतरवल्यापासून त्यानं माझ्या हातच्या कशालाच बरं म्हटलं नव्हतं. मी इतका फुगलो की चादर अख्खी काढली. चित्रावर उजेड यावा म्हणून खिडकी उघडली. मी उघडली.

त्यानं मोबाइल काढला.

"अंबरीश, फोटो नको."

"माझ्यापुरता, दादा. आई असती तर तिला दाखवला असता."

आईचं नाव घेतलं त्यानं. मी बाजूला सरकलो, सावली पडू नये म्हणून.

पैजेचं वर्ष पुरं व्हायला अडीच महिने होते. जूनमध्ये, ॲडमिशनच्या दिवसांत, महेबूब सकाळी सातला दारात उभा राहिला. डोक्यावर नेहमीची टोपी नव्हती. मी म्हटलं आत ये, तर म्हणाला, "बस गाडीवर."

नांदेड रोडच्या नाक्यावर त्यानं स्कूटर थांबवली. वर अमान होता. वीस फूट. मागं पेटलेलं शहर, रणगाडा, आणि रणगाड्यापुढं हसणारी ट्यूशनची मुलं. 'युद्धभूमीतून थेट लातुरात! प्रोफेसर खान, काबूल. नीट बायोलॉजीसाठी आंतरराष्ट्रीय गुरू, फक्त देवणीकर अकॅडमी!'

मी तोंडाकडं बघितलंच नाही. कॉलरकडं बघितलं. गाढव होतं. नारळाएवढं झालं होतं.

"माझ्याकडं ऑर्डर आलती, आठ दिवसांखाली," महेबूब खाली बघत म्हणाला. "म्या न्हाई म्हणलो. सर म्हणले, ठीक हाय, रद्द करतो. नांदेडला जाऊन छापले. चाळीस. तिकडं धर्माबादपस्तोर लावलेत."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"रद्द म्हणले ना ते. म्या इश्वास ठिवला." मग हळूच म्हणाला, "तुझाच भाऊ न्हवं?"

अंबरीशच्या केबिनमध्ये एसी लावलेला होता. मी दार ढकलून आत गेलो.

"दादा, बस. फोटो कुठाय त्यात? चित्र आहे. नाव तरी खरं आहे का? प्रोफेसर खान लिहिलंय."

"काबूल लिहिलंयस."

"काबूल लातूरहून किती लांब आहे! तिथं कोण बघायला बसलंय अहमदपूरचा फ्लेक्स?"

"आईचं तोंड घेऊन फिरलास तू माझ्याबरोबर. काखेत धरून."

त्यानं पेनचं टोपण काढलं, लावलं.

"आईच्या फोटोमुळं आपल्याला भूकंपाचं घर मिळालं, दादा. पहिल्या यादीत. हे तू कधी बोलत नाहीस."

ते खरं होतं का, मला आजही माहीत नाही. विचारायला कुणी राहिलं नाही. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "आणि काढलंस तर तूच ना ते? मी कुठं काढलं?"

नाक्यावरचा फ्लेक्स मी आणि महेबूबनं त्याच सकाळी उतरवला. पण चाळीसांतला एक. पोरांनी तोवर व्हिडिओ केले होते, 'आमचे काबूलवाले सर' म्हणून. प्रेमानंच केले होते. पुण्यात अफगाण पोरं शिकतात. कुणीतरी बघितलं, कुणीतरी पुढं पाठवलं. पाचव्या दिवशी मेव्हणीचा एक निरोप आला. चार माणसं घरी आली होती. मोबाइलवर चित्र होतं. मेलेला माणूस हिंदुस्थानात शिकवतोय का, असं विचारत होती. त्या निरोपानंतर तो फोन बंद लागला. पुढच्या दिवशी बंद. त्याच्या पुढच्या दिवशी बंद.

अमान ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. दिल्लीची माणसं त्याला दुसरीकडं हलवायला येणार होती, कुठं ते सांगणार नव्हती. जायच्या दिवशी त्यानं बाजारातनं पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा आणला आणि चादर काढली. मी डबा धरून उभा राहिलो. त्यानं आधी डोळे पुसले. मग कपाळ, गाल, शेवटी कॉलर. दोन हात मारले, कडा सुद्धा सोडल्या नाहीत.

"वो कल आज आ गया, उस्ताद," तो ब्रश धूत म्हणाला.

एवढंच. माझं तोंड त्यानं भिंतीवर तसंच ठेवलं. कुसुमनं भाकरी बांधून दिली, ती त्यानं दोन्ही हातांनी घेतली. नांदेड स्टेशनवर तोंडाला मास्क लावून तो गाडीत चढला. ह्या वेळी महेबूबनं हार आणला नव्हता.

दिल्लीहून मेल आल्यावर अंबरीशनं बाकीचे फ्लेक्स उतरवले. पण आमच्याकडं उतरलेला फ्लेक्स मरत नाही. अमान कुठं कडब्यावर होता, कुठं रिक्षाच्या टपावर, कुठं कोंबड्यांच्या खुराड्यावर. मी महिनाभर फिरलो. कॅलेंडरं मागितली होती तसाच दारोदार उभा राहून मागत फिरलो. लोक हसत द्यायचे. "पेंटर, आता ही कसली गंमत?" छत्तीस मिळाले. मिळेल तो जाळला. शेवटचा, सदतिसावा, आपल्याच किशनरावाच्या टपरीवर मागच्या बाजूला टांगलेला निघाला, पावसाची झड अडवायला.

तो मी जाळला नाही.

"महेबूब, पैज हरलोय मी."

"माफ केली. सोड."

"माफ करणारा तू कोण? किशनराव पंच हाय."

किशनराव मान खाली घालून ग्लास विसळत राहिला.

"छापून दे माझं तोंड."

"तुझ्यासाठी मशीन बंद हाय," महेबूब म्हणाला. "जिंकायची होती मला. अशी न्हवती जिंकायची."

मग मी हातानं केलं. टपरीवरचा तोच फ्लेक्स उलटा करून अंथरला. मागची पांढरी बाजू मिळते तेवढी चांगली. माडीवरचं माझं तोंड बघून बघून उतरवलं, अमाननं काढलेलं. हसणारे डोळे मला जमले नाहीत. खाली हातभर अक्षरात 'मी गाढव आहे'. अमानची छापलेली बाजू मागं राहणार होती. ती नंतर पुसू म्हटलं.

रविवारी सकाळी, ट्यूशनचा पेपर सुटायच्या वेळी, चौकातल्या बांबूच्या चौकटीवर मी ते टांगलं आणि खाली स्टूल टाकून बसलो. दासू पेंटरची नवीन टूम म्हणून निम्मं गाव आलं. हमाल आले, वकील आला, रिक्षावाले आले. ट्यूशनची पोरं माझ्याशेजारी उभी राहून सेल्फी काढत होती. काढा म्हटलं. माझं तोंड कुठंही जाऊ दे, त्यानं कुणाचं दार वाजत नाही.

"काका, कशाबद्दल हो?" एका मुलीनं विचारलं.

"पैज हरलो."

"कसली?"

"चहा घे, गार होतोय."

मीही हसत होतो. तीस वर्षांची सवय, तोंड आपोआप हसतं. महेबूब माझ्याशेजारी उकिडवा बसून ग्लास भरून देत होता. जिंकलेल्यानं हे करायचं नसतं, पण त्याला कुणी हटकलं नाही. तीनच्या सुमाराला अंबरीशची गाडी चौकात अडकली. काच चार बोटं खाली आली.

"दादा, लोक हसतायत. घरी चल."

मी ग्लास पुढं केला. त्यानं बघितला. मागचा ट्रक हॉर्न मारायला लागला, काच वर गेली. तो चहा मी परत किटलीत ओतला नाही, तसाच बाजूला ठेवला.

ऊन मागं सरकलं. महेबूब चहा ओतता ओतता थांबला, तो थांबलाच.

"दासू. वर बघ."

मावळतीचं ऊन फ्लेक्सच्या पाठीवर आलं होतं. माझ्या तोंडातनं अमान दिसायला लागला होता. माझ्या गालांवर त्याचे गाल, माझ्या कपाळावर त्याचे डोळे, मोठे, उघडे, चौकातल्या प्रत्येकाकडं बघणारे. समोर पोरं मोबाइल धरून उभी होती.

"आता दिवस बुडतच आलाय," किशनराव म्हणाला. "उद्या काढू."

मी शिडी उचलून मागच्या बाजूला लावली. महेबूबनं टपरीखालनं काळ्या रंगाचा डबा आणि माझा चार इंची ब्रश काढला, शिडीचा पाय धरला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी वर चढलो. पलीकडनं लोकांचं हसू ऐकू येत होतं. इथं आम्ही दोघंच होतो, अमान आणि मी.

डोळ्यांपासून सुरुवात केली.